लाल कार्डाचं भाकीत

"शंभरात शहाण्णव," मनकवड्याने आकडा सांगितला आणि कॅन्टीनमधली सगळी माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. बाहेरून बोलावलेल्या त्या तज्ज्ञाला आम्ही मनकवडाच म्हणायचो. औषधाच्या बाटल्या तपासणाऱ्या आमच्या शंभर जणांकडून त्याने तीन महिन्यांपूर्वी चाळीस प्रश्न भरून घेतले होते आणि भरवशाच्यांना हिरवं, बेभरवशाच्यांना लाल कार्ड दिलं होतं. आता फोरमनने कामाला दिलेले गुण त्या कार्डांशी जुळले होते. "तोंड खोटं बोलेल, माझा प्रश्न नाही बोलणार," तो म्हणाला. फोरमन मीच. हात दुखेस्तोवर मीही टाळ्या पिटल्या.

लाल कार्डवाले सोमवारपासून खोकी उचलायला जाणार होते. त्यांत अक्का होती. अकरा वर्षं दिव्यासमोर बसून बाटलीतला कण शोधणारी, कमरेचं ऑपरेशन झालेली. खोकी तिला झेपणार नव्हती, म्हणजे नोकरी गेल्यातच जमा. तिने एवढंच विचारलं, "दादा, माझ्या हातची एक तरी बाटली परत आली का?"

मी घड्याळाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी दफ्तरातली कारकूनबाई पडलेल्या चेहऱ्याने आली. कार्डं छापताना तिच्याकडून चौदा आणि एक्केचाळीस या नंबरांची अदलाबदल झाली होती. चौदा नंबर अक्काचा. तिचं खरं कार्ड हिरवं.

"चूक माझीच," ती म्हणाली. "पण मग अक्कांना तुम्ही दहापैकी तीन कसे दिलेत? आणि एक्केचाळीसला नऊ?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. कार्डांची यादी पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली होती. अक्का सावकाश बघायची, ते मला चुकारपणाचं वाटू लागलं होतं. एक्केचाळीसवालीही तेवढीच सावकाश, तिची मात्र काळजी वाटायची. मनकवड्याचं भाकीत मीच खरं करून दिलं होतं.

परत आलेल्या बाटल्यांच्या वहीत तपासणाऱ्याचा नंबर असतो. ती वही मी तीन महिन्यांत उघडलीच नव्हती. आता बाईंनी उघडली. लालवाल्यांच्या आणि हिरव्यांच्या बाटल्या सारख्याच प्रमाणात परत आल्या होत्या. अक्काची एकही नाही.

मॅनेजरसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, मग एक्केचाळीसला हलवा." शेजारी मनकवडा मान डोलावत होता.

"साहेब, गुणच खोटे आहेत," मी म्हणालो. "आणि ते मी दिलेत." बोलताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्डं रद्द झाली. परीक्षा खुशाल घ्या, पण गुण देणाऱ्याला तिचा निकाल आधी दाखवू नका. आणि चाळीस प्रश्नांत माणूस ओळखतो असं कोणी म्हणालं, तर टाळ्या वाजवण्याआधी वही मागा.

अक्का पुन्हा दिव्यासमोर बसते. मला आता ती दादा नाही, साहेब म्हणते.