अर्धी मिशी

फौजदार कधीच फौजदार नव्हते. जन्मभर त्यांनी टपालाच्या पाकिटांवर शिक्के मारले. पण नाकाखाली मिशी अशी बाळगली होती, की त्यांची रजा नाकारायची तर साहेब आधी त्यांना खुर्ची देत. आता वय त्र्याण्णव. दात गेले, बायको गेली, बरोबरीचे सगळे एकेक करून गेले. मिशी तेवढी राहिली आणि ती कापणारे उस्ताद राहिले.

उस्ताद चार वर्षांनी लहान, म्हणजे फौजदारांच्या मते अजून पोरच. त्यांचं दुकान म्हणजे एक खुर्ची, पारा उडालेला आरसा आणि भिंतीलगत एक बाक. एके काळी त्या बाकावर टेकायला जागा मिळत नसे. दाढी करायला येणारे थोडे, गप्पा हाणायला येणारेच फार. आता तिथे ओले टॉवेल वाळत पडत. दर आठवड्याला फौजदार काठी टेकत येत, खुर्चीत बसत आणि भांडण सुरू होई. पाणी फार गरम आहे म्हणून, पंखा जोरात आहे म्हणून, वर गेलेल्यांपैकी कोण जास्त लबाड होता म्हणून. पोटभर भांडून झालं की फौजदार घरी जात आणि त्या दिवशी त्यांना छान झोप लागे.

मुलाने घर विकलं. मुलगाही काही तरणा नव्हता. सहासष्ट वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांनी बेजार. जिना त्यालाच झेपेना, म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, लिफ्टच्या इमारतीत चौदावा मजला घेतला. त्याचं चुकत नव्हतं, हे फौजदारांना कळत होतं. त्यामुळे धड चिडायचीही सोय नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी ते दुकानात गेले.

"उद्या जातोय मी."

"जा की. मी काय पाय धरलेत तुझे?" उस्ताद म्हणाले.

"तिथे खालीच मोठं सलून आहे म्हणे. एसीवालं."

"मग इथे कशाला आलास तडफडायला? मान वर कर."

फौजदारांनी मान वर करून डोळे मिटले. गालावरून तो ओळखीचा खरखरीत हात फिरला. आता आपल्याला मायेने हात लावणारा हा एकच माणूस उरलाय, असं मनात आलं. ते लपवायला त्यांनी पंख्याला शिवी हासडली. उलट शिवी आली नाही, म्हणून डोळे उघडले, तर आरशात डावी मिशी जागच्या जागी आणि उजवी साफ!

"अरे गाढवा! हे काय केलंस?"

"हात घसरला."

"मग आता दुसरीपण काढ!"

उस्तादांनी वस्तरा मिटून खणात टाकला. "आज नाही. डोळे दुखतात माझे. पुढच्या आठवड्यात ये."

घरी एकच गोंधळ उडाला. सून हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली. मुलगा मात्र तापला. "उस्तादकाकांना दिसेनासं झालंय! थांबा बाबा, मिनिटाचं काम आहे." तो दाढीचं मशीन घेऊन आला, तर फौजदारांनी काठीच उगारली.

"खबरदार! ज्याने सुरू केलंय तोच संपवेल."

मग एकटे असताना त्यांनी आरशात नीट निरखलं. हात घसरला तर रेघ वाकडी जायला हवी. ही तर नाकाच्या बरोबर मधोमध, फूटपट्टी लावून मारल्यासारखी. फौजदार गालातल्या गालात हसले, मग थोडे रडले आणि कुणाला काही बोलले नाहीत.

नव्या घरात कशाची कमी नव्हती. "बाबा, जेवलात? बाबा, गोळी घेतलीत?" एवढं विचारून सगळे आपापल्या कामाला लागत. पंखा ते म्हणतील तेवढ्यावर. भांडायला कुणी तयारच नाही! फौजदारांचा जीव गुदमरू लागला. उस्तादांना फोन लावून पाहिला, पण कान दोघांचेही गेलेले. "कोण बोलतंय?" "तू कोण बोलतोयस?" असं बराच वेळ चाललं आणि शेवटी उस्तादांनी "राँग नंबर!" म्हणून फोन आपटला.

लिफ्टमधले लोक मिशीकडे बघत आणि मग घाईघाईने छताकडे बघत. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं होई. अखेर तीच नवऱ्याला म्हणाली, "न्या हो त्यांना एकदा, आणि ती मिशी निस्तरून आणा."

मुलगा वाटभर कुरकुरत होता. एवढी गर्दी, त्यात हे गुडघे, पुन्हा काही जमायचं नाही, हे शेवटचं.

उस्ताद दारातच उभे होते. बाकावरचे टॉवेल काढलेले.

"पुढच्या आठवड्यात म्हटलं होतं. महिना लावलास!"

"तुझं थोबाड बघायची घाई नव्हती मला."

आणि जुंपली! पाण्यावरून झालं, पंख्यावरून झालं, सगळ्या मेलेल्यांची उणीदुणी काढून झाली. फौजदार ओरडले, हसले, हसता हसता त्यांना ठसका लागला. आरशात त्यांना मागचा बाक दिसत होता. मुलाने मोबाइल खिशात टाकला होता आणि तो त्यांच्याकडे टक लावून बघत होता. मग तो उठून खुर्चीशी आला.

"काका, आज पुरी काढा हं. मी इथेच उभा आहे."

उस्तादांचा नाइलाज झाला. डावी मिशी गेली, उजवीकडचे खुंटही गेले. "झालं," ते म्हणाले आणि उगाचच कितीतरी वेळ टॉवेल झटकत राहिले. फौजदारांच्या ओठावर गार वारा लागला. निघताना 'येतो' म्हणायचं असतं, पण ते काही त्यांच्या तोंडून निघेना.

मुलाने त्यांना हात धरून उठवलं, बाकावर नेऊन बसवलं आणि गुडघे चोळत स्वतःच खुर्चीत जाऊन बसला.

"काका, माझेही कापा."

उस्तादांनी त्याच्या टकलाकडे आणि कानांवरच्या चार केसांकडे पाहिलं. "तुझ्या डोक्यावर आहेत किती, बाळ?"

"आहेत त्यातले अर्धे कापा. उरलेले पुढच्या आठवड्यात."

उस्ताद कात्री हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग नाक ओढून म्हणाले, "कुठली बाजू?"

"डावी!" बाकावरून फौजदार ओरडले. "आणि तो पंखा कमी कर, गाढवा!"