पुलाच्या वळणावरचं गाणं

या, असे जवळ सरका. मांडी घालून नीट बसा, घाई असेल तर ती चपलांबरोबर दाराबाहेर ठेवा. एका शिवणकाम करणाऱ्या बाईची आणि तिच्या दिराची गोष्ट सांगतो. गोष्ट भांडणाची आहे, गोड करून सांगणार नाही.

एका गल्लीत समोरासमोर दोन दुकानं. इकडचं शिवणाचं. तिथे बेचाळीस वर्षांची बाई बसायची, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. गल्ली तिला वहिनी म्हणायची, कारण तिचा दीर तसं म्हणायचा आणि दिराचा आवाज अख्ख्या गल्लीला पुरायचा. समोरचं दुकान खेळांचं. त्यात शर्यतीची एक खुर्ची होती. पुढे मोठा पडदा, हातात गाडीचं चाक, पायाशी पेडल. डोंगर उतरायचा, पुलावरून वळायचं, गाव ओलांडायचं, संपलं. या खेळात आपल्या पसंतीची गाणी भरायची सोय होती, आणि तिच्यावर दुकानाच्या मालकांनी, म्हणजे टोपीवाल्या मामांनी, स्वतःचा कायदा बसवला होता. ज्याची वेळ सगळ्यांत कमी, त्याची गाणी. दुसऱ्या कुणी शर्यत लावली तरी वाजणार तीच, आणि दाराबाहेरच्या स्पीकरवर गल्लीलाही ऐकवणार. ती वेळ कुणी मोडली, तरच गाणी बदलणार.

चार महिने तो मान दिराकडे होता. लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. बोटं चपळ, जीभ त्याहून चपळ.

एका सोमवारी वहिनी काजं करत होती, आणि समोरच्या स्पीकरमधून तिला तिचाच आवाज आला.

"हळू चाल रे माझ्या जीवा, वाट लांबची, हाती दि..."

तिथे आवाज फाटला. मग तो फाटलेला तुकडाच परत परत, खाली ढोल, वर शिट्टी. दि, दि, दि, धडाम! खुर्चीभोवतीची पोरंटोरं, मोठी माणसंसुद्धा, पोट धरून हसली. शर्यतीत हळू चाल म्हणणारी बाई! पडद्यावर गाण्याचं नाव झळकत होतं: वहिनींचं नाटक.

हे गाणं सासूबाईंचं. दोन वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचं सगळं वहिनीनं केलं. कूस बदलण्यापासून नखं कापण्यापर्यंत. दीर रविवारी यायचा, डॉक्टरांना चार प्रश्न विचारायचा, जायचा. सासूबाई पहाटे चारला गेल्या. वहिनीनं त्यांना पुसलं, धुतलेलं लुगडं नेसवलं, केस विंचरले आणि मग सातला दिराला फोन केला. ते तीन तास त्याच्या छातीत खिळ्यासारखे रुतून बसले. शोकसभेत वहिनी ते गाणं म्हणायला उभी राहिली, दुसऱ्या ओळीवर गळा दाटला, खाली बसली. दीर पहिल्या रांगेत बसून फोनवर ते सगळं टिपत होता.

वहिनी आधी मामांकडे गेली. मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"वहिनी, मला पटत नाही हो. पण कायदा मीच केलाय. आज तुमच्यासाठी मोडला, तर उद्या कोण मानेल?"

मग ती दिरासमोर उभी राहिली.

"भावजी, मला काय बोलायचं ते तोंडावर बोला. आईंच्या गाण्याचे धिंडवडे काढू नका."

"आईंच्या? तीन तास आई तुमच्या एकटीच्या होत्या, तेव्हा आठवलं नाही माझं नातं?" तो खुर्चीकडे बोट दाखवून हसला. "ही बघा गादी. बसा, वेळ मोडा, गाणं काढा. मशीन काय, तुम्हाला चालवता येतंच की!"

घरी नवरा म्हणाला, "कानाडोळा कर. लहान आहे तो."

"चौतीस वर्षांचा आहे," वहिनी म्हणाली. "अजून किती लहान राहणार?"

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती त्या खुर्चीत बसू लागली. पहिल्या दिवशी डोंगरावरूनच दरीत. चौथ्या दिवशी पुलापर्यंत. लोक डबे घेऊन बघायला यायचे. "वहिनी, अस्तर लावून घ्या गाडीला!" "वळणावर चुण्या पडल्या!" ती मागे वळायची नाही. दहा दिवसांत तिची गाडी दिराच्या वेळेला भिडली. वीस वर्षं कापडाच्या कडेवरून सुई नेणाऱ्या बाईला रस्त्याची कड पकडायला कितीसा वेळ लागणार?

पण पूल आला की घात व्हायचा. शर्यत आणि गाणं एकदमच सुरू व्हायचं, त्यामुळे पुलाच्या वळणावर गाडी शिरायची आणि नेमका तिथेच आवाज फाटायचा. त्या क्षणी वहिनीचा पाय पेडलवरून उचलला जायचा. भीतीनं नव्हे, सवयीनं. मशीनवर दोरा तुटला की पाय आपोआप उचलला जातो, उचलावाच लागतो, नाहीतर सुई रिकामी धावते आणि कापड वाया जातं. तिच्या पायाला तो फाटलेला आवाज म्हणजे तुटलेला दोराच वाटत होता. अर्धा सेकंद जायचा. तेवढ्यानंच ती हरायची.

तिनं पायाला दटावलं, शपथ घातली, बूट बदलले. कानात कापूस घातला, तर गाडीचं इंजिन ऐकू येईना आणि ती डोंगरावरच आपटली. पाय काही ऐकेना.

दिराच्या ते लक्षात आलं होतं. सोळाव्या दिवशी तो काम सोडून आला, स्पीकरच्या बटणापाशी उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "बघा हं, आता पुलावर रडू येणार!"

शर्यत सुटली. डोंगर नीट उतरला. "हळू चाल रे माझ्या जीवा," स्पीकर म्हणाला. लोक हसायच्या तयारीत होते. पूल दिसला. दिरानं बटण फिरवून आवाज वाढवला. "वाट लांबची, हाती दि..."

आणि वहिनीनं तोंड उघडलं.

"...वा," ती म्हणाली, आणि थांबली नाही. "कोणी नसेना सोबतीला, नाव तुझे रे पुरे मला."

सूर बरा नव्हता. खरं सांगायचं तर बेसूरच होता, खाली ढोल बडवत होता, आणि "सोबतीला"वर गळा पुन्हा दाटला. पण ती दाटल्या गळ्यानं ओढत पुढे गेली. दोरा तुटला नाही, म्हणून पाय उचलला नाही. गाडी वळणातून सरळ बाहेर पडली.

दिराचा हात बटणावर थबकला. ही पुढची ओळ आईनंतर त्यानं कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. क्षणभरच हां. मग दात आवळून त्यानं बटण शेवटपर्यंत फिरवलं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि त्या गदारोळात वहिनी गाव ओलांडून गेली.

पडद्यावर आकडे आले. दिरापेक्षा पाव सेकंद कमी.

"हे चालणार नाही!" दीर ओरडला. "गात होत्या त्या! गाऊन खेळतं का कुणी?"

"गाऊ नये असा कायदा मी केला नाही," मामा म्हणाले, आणि त्यांनी त्याच्यादेखत ते गाणं पुसलं. "बोला वहिनी, आता तुमची गाणी कोणती भरू?"

"कोणतंच नको. नुसतं इंजिन वाजू दे."

"बघा, आईचं गाणं काढलं हिनं!" दीर पहिल्यांदाच तिला एकेरी बोलला. "आई गेली, आता गाणंही घालवलं!"

वहिनी खुर्चीतून उठली.

"ते आईंचं नव्हतं, भावजी. आईंच्या गाण्याच्या तुम्ही केलेल्या चिंध्या होत्या. चिंध्या मी रोज झाडते." मग जरा थांबून म्हणाली, "सातला फोन केला ही माझी चूक. त्यांना विंचरून, नीटनेटकं करून तुम्हाला दाखवावं असं वाटलं. ती चूक घरी येऊन बोला. इथे नाही."

"येणार नाही. तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. उद्याच ही वेळ मोडतो."

"मोडा. समोरच आहे मी."

तो लगेच बसला. एकदा, दोनदा, सात वेळा. त्याला गाण्याच्या ठेक्यावर वळायची सवय, नुसत्या इंजिनाच्या घरघरीत वळणं सापडेनात. लोक हळूहळू डबे बंद करून पांगले. रस्त्यापलीकडे मशीन सुरू झालं. दोघांत बोलणं तेव्हापासून बंद आहे ते बंदच.

कोण बरोबर, कोण चूक, त्याचा न्याय तुम्ही घरी जाऊन करा. माझं मागणं एवढंच. त्या दुकानात सोळा दिवस इतकी माणसं हसली, ओरडली, भांडली. ज्या म्हातारीचं ते गाणं, तिला शेवटी फार दुखलं का, हे कुणी विचारलं नाही. आज दिवा लावाल, तेव्हा तिची एकदा आठवण काढा.