मशीनची चूक

कुंभार पिंपळगावच्या बाजाराच्या दिवशी लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, आणि नेमका त्याच दिवशी कॉम्प्युटर हँग व्हायचा. शरयू रिपोर्टवर आकडे टाकत असायची आणि मधेच पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा. माऊस आपटा, की-बोर्ड बडवा, ढिम्म. मग बटण दाबून धरायचं, बंद करायचा, पुन्हा चालू करायचा आणि तोवर बाकड्यावरच्या लोकांच्या नजरा चुकवत बसायचं. बरं, त्यालाही काही नेम नव्हता. एखाद्या दिवशी सकाळपासून शहाण्यासारखा चाले, एखाद्या दिवशी तासाभरात दोनदा मान टाके.

लॅब अप्पारावांची. रक्त काढणं, तपासणं, रिपोर्ट करणं हे सगळं शरयूच्या अंगावर. अप्पारावांकडे ओळखीपाळखी आणि दारावरची पाटी. दिवस कलला की ते शरयूला उठवून कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसत आणि व्हिडिओ बघत. तोंडात सदा गुटखा. ओघळ येऊ नये म्हणून हनुवटी वर करून बोलत. त्यांच्याशी बोलताना भिंतीकडे बघायची सवय शरयूला कधीच लागली होती.

"तुमचंच कायतरी चुकून राह्यलं, मॅडम," ते म्हणत. "माझ्याजवळ तं बराबर चालतो."

अंबडहून बबलू येऊन गेला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं दुकान होतं. व्हायरस म्हणाला, फॉरमॅट मारून गेला. दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा हँग. मग म्हणाला, कॉम्प्युटरचा डबा उघडून बघावा लागंल, दुकानात न्यावा लागंल. अप्पाराव कसले नेऊ देतात! "लॅब काय बंद ठेवू?" शरयूनं आपल्या परीनं माऊस बदलून पाहिला, प्लग दुसऱ्या बोर्डात लावला, नको त्या फायली काढून टाकल्या. कशाचाही उपयोग झाला नाही.

असंच चाललं असताना एका सकाळी दैवशाला दारात येऊन उभी राहिली. जवळच्याच वस्तीवरची, कापूस वेचून वेचून बोटांना चिरा पडलेली बाई. गेल्या बाजाराला ती सासूला घेऊन आली होती. आज एकटीच होती आणि हातात लॅबचाच लिफाफा होता.

"मॅडम, आमच्या सासूबाई अंबडला भरती हायेत. दोन दिवस शुद्धच नव्हती. तिथले डॉक्टर म्हन्ले, शुगर लई वाढली. म्या म्हन्लं, कशी वाढंल? आमच्याजवळ नार्मलचा कागुद हाये. त्याच्या जिवावर तं म्हातारीनं गोळ्या बंद केल्त्या."

शरयूनं लिफाफ्यातला कागद काढला. वर नाव सासूचं, दुर्गाबाईंचं. खाली, लॅबच्या प्रत्येक रिपोर्टवर असायची ती, जालन्याच्या एका डॉक्टरांची स्कॅन केलेली सही. आणि साखर एकशे चार.

त्या दिवशी दुर्गाबाईंची साखर चारशेच्या वर आली होती. आकडा बघून शरयू दचकली होती, अप्पारावांना म्हणालीही होती, "सर, या आजींना आजच डॉक्टरकडे पाठवा." तेवढ्यात कॉम्प्युटर हँग झाला, आत एक लेकरू रक्त काढायच्या भीतीनं किंचाळायला लागलं, आणि अप्पाराव म्हणाले होते, "तुम्ही जा, छापतो मी." कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला तेव्हा पडद्यावर आधीच्या पेशंटचा रिपोर्ट उघडा असणार. अप्पारावांनी त्याच्यावरच नवं नाव टाकलं आणि छापून मोकळे झाले.

अप्पाराव आतून आले. कागदावर नजर टाकताच त्यांना सगळं समजलं, हे शरयूला दिसलं.

"ताई, मशीनची चूक हाये ही," ते दैवशालाला म्हणाले. "कॉम्प्युटर बिघडलाय आमचा, विचारा मॅडमला. आणा तो कागद, मी सोता अंबडला येतो, डॉक्टरशी बोलतो. काई काळजी करू नका." कागद त्यांनी खिशात घातला आणि तिला गाडीवर मागे बसवून निघाले. जाताना शरयूला हळूच म्हणाले, "तोंड बंद ठेवा आणि बबलूला बोलवा."

बबलूचा फोन लागेना. शरयूनं मधल्या सुट्टीचं शटर अर्धं ओढलं, पदर खोचला आणि टेबलाखालचा डबा स्वतःच बाहेर ओढला.

तो सरळ निघेना. खाली चिकटला होता. जोर लावून ओढला तसा आंबूस, गोडसर, कुजका भपकारा नाकात गेला आणि ती दोन पावलं मागं सरली. डब्यामागचा भिंतीचा कोपरा तांबडाकाळा झाला होता. पिचकाऱ्यांवर पिचकाऱ्या, सुकलेल्या, त्यांवर पुन्हा ओल्या. डब्याच्या मागच्या जाळीवर लालसर खपली धरली होती आणि सुपारीचे चुरलेले तुकडे तिच्यात रुतून बसले होते. तिनं हातमोजे चढवले, स्क्रू काढले, बाजूचा पत्रा उचलला. आतून झुरळं सुटली. मोठी, बारकी, पिवळट पिल्लं, तिच्या मनगटावरून, टेबलाच्या पायावरून. पॉवर सप्लायचा पंखा लाळ आणि सुपारीच्या लगद्यात जाम बसला होता. बोटानं ढकलला तरी पातं फिरेना. तो फिरत नाही म्हणून डबा तापायचा, तापला की थिजायचा. व्हायरस नव्हता, विजेचा दोष नव्हता, तिच्या हातांचा तर नव्हताच. उठून मोरीपर्यंत जायचा कंटाळा, म्हणून हा माणूस रोज संध्याकाळी खुर्चीतूनच टेबलामागे तोंड रिकामं करत होता.

आणि त्याच टेबलाखाली पाय सोडून ती वर्षभर बसली होती. समोर लोक दंड पुढं करून रक्त देत होते. ती मोरीत जाऊन ओकली, चूळ भरली, परत आली. स्पिरिट आणि कापूस घेऊन तिनं तो पंखा पात्यापात्यानं मोकळा केला. मधूनमधून उमासा येई, तोंड फिरवून ती पुन्हा कामाला लागे. निघालेला लगदा तिनं एका ट्रेमध्ये ठेवला. डबा जोडला, चालू केला. पंखा घरघरला आणि फिरायला लागला. दुपारभर कॉम्प्युटर एकदाही अडला नाही.

उन्हं उतरल्यावर अप्पाराव आले. पडदा चालू बघून खूश झाले. "झालं ना बराबर? मिटवलं मी तिकडं. तो कागद फाडून टाकला, आता काई पुरावाच न्हाई."

शरयूनं ट्रे पुढं सरकवला. "हे निघालं आतून, सर."

त्यांनी वाकून बघितलं. लाज नाही, काही नाही. हसले. "एवढंच व्हय? मंग मशीनच बिघडलं व्हतं की! म्या खोटं कुठं बोललो?" आणि बोलता बोलता गाल फुगवून टेबलामागे वळले.

शरयूनं हातमोजे काढून ट्रेमध्ये टाकले, पर्स उचलली आणि मिळेल त्या गाडीनं अंबड गाठलं.

दवाखान्यात दुर्गाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा ओढलेला, पण डोळे उघडे. शरयूनं आधी डॉक्टरीणबाईंना गाठून सगळं सांगितलं: खरा आकडा किती होता, रिपोर्ट कुणी छापला, कसा छापला. "लिहून द्याल?" त्यांनी विचारलं. "देते," शरयू म्हणाली आणि तिथंच उभ्यानं लिहून दिलं. मग दैवशालाला सांगितलं.

दैवशाला हातातला ग्लास धरून ऐकत राहिली. आभार वगैरे काही मानले नाहीत.

"मंग त्याच दिशी काहून न्हाई सांगितलं, मॅडम? तुम्हाला तं दिसल्ते ना चारशे?"

"मी सरांना सांगितलं होतं. कागद माझ्या हातून गेला नाही."

"आम्ही तितंच बाकड्यावर बसल्तो की. आम्हाला सांगायचं."

शरयूला अप्पारावांचा जितका वीट आला होता, तितकाच त्या क्षणी स्वतःचाही आला. माणूस समोर बसलेलं असताना ती मालकाशी बोलून मोकळी झाली होती.

पुढं तक्रार झाली, आरोग्य खात्याचं पथक आलं, लॅबला सील लागलं. महिना-दीड महिन्यात अप्पारावांनी जावयाच्या नावानं दुसऱ्या गल्लीत नवी लॅब उघडली, हेही शरयूच्या कानावर आलं. ऐकून तिनं नुसतं नाक मुरडलं. तोवर तिला अंबडच्याच एका दवाखान्यात काम मिळालं होतं.

एके दिवशी तिथं दुर्गाबाई तपासणीला आल्या, सुनेच्या आधारानं. शरयूला बघून दैवशालाची पावलं थबकली, पण म्हातारीनं बाकड्यावर बसून दंड पुढं केला. रक्त काढून झालं, रिपोर्ट तयार झाला. शरयू लिफाफा न घेता कागद घेऊनच बाहेर आली आणि म्हातारीच्या शेजारी टेकली.

"वाचून दाखवते, आजी."

"थांब," दुर्गाबाई म्हणाल्या. "आधी नाव वाच. मंग आकडा."