छू कोण म्हणालं?

मित्रांनो, मी मेंढरं राखणारा एक म्हातारा कुत्रा आहे. एका जागी मला बसवत नाही, म्हणून माझे धनी सोनाजी यांनी माझं नाव भिंगऱ्या ठेवलं. आता हे सांगतानाही मी चार वेळा उठलो.

अजिंठ्याजवळच्या माळावर माझा जन्म झाला. धन्यांनी मला मुख्य दोन गोष्टी शिकवल्या. हाक आली की परत फिरायचं आणि ‘छू’ म्हटलं की तुटून पडायचं. तो शब्द फक्त लांडग्यासाठी राखलेला होता. आठ वर्षांत मी तो तीनदाच ऐकला. लोक माझं कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा आमचा कळप मुकुंदवाडीच्या पलीकडे, काकासाहेबांच्या शेतात बसला होता. लेंड्यांचं खत शेताला मिळावं म्हणून त्यांनीच बोलावलं होतं. धन्यांची लेक ज्ञानेश्वरी शहरात मावशीकडे राहून तत्त्वज्ञान शिकते. परीक्षा जवळ आली होती, तरी ती रोज कळपाकडे यायची आणि बांधावर बसून मोठ्यानं अभ्यास करायची.

“आबा, ग्रीस देशात लई वर्षांमागं एक विचारवंत म्हनायचा, मानसाच्या आत्म्याचे तीन भाग असत्यात. विवेक, त्वेष आन् वासना. विवेक म्हंजी मेंढपाळ. त्वेष त्याचं कुत्रं, हाक मारली की गप होनारं. आन् वासना म्हंजी आपली मेंढरं, हे मी जोडलं.”

“व्हय, हिरवं दिसलं की त्यांना दम कुठं धरवतो?” धनी हसले.

त्वेष म्हणजे मी! माझी शेपूट थांबेना.

बोलण्याच्या नादात कुणाचं लक्ष नव्हतं आणि मेंढरं शेजारच्या, काकासाहेबांच्याच मक्यात शिरली. काकासाहेब धावत आले. त्यांनी एका गाभण मेंढीच्या पाठीत काठी घातली. धन्यांचं भान सुटलं.

“छू!” ते ओरडले.

समोर लांडगा नव्हता. मला ते दिसत होतं, तरी मी गेलो. ज्ञानेश्वरीची हाक पोचली तेव्हा काकासाहेबांची पोटरी माझ्या दातांत होती.

काकासाहेबांना दवाखान्यात सुया घ्याव्या लागल्या. मला मावशीच्या दारात साखळीनं बांधलं. रेल्वे गेली की मी उठायचो, पोर ओरडलं की उठायचो, काहीच झालं नाही तरी उठायचो. मेंढरं आता कुणाच्या भरवशावर असतील? या विचारानं जीव नुसता कासावीस व्हायचा.

दहा दिवसांनी धनी आले. “कुत्रं चावरं झालं. आता कळपात नको.”

“छू कोन म्हनलं, आबा?” ज्ञानेश्वरीनं विचारलं.

धनी माझी साखळी सोडून मला काकासाहेबांच्या दारी घेऊन गेले. त्यांना पाहताच माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

“बस,” धनी हळूच म्हणाले. मी बसलो.

“काकासाहेब, चुकी कुत्र्याची नाय, माझी हाय. पन गाभन मेंढीवर काठी टाकायची व्हय?” धन्यांचा आवाज पुन्हा चढला.

काकासाहेबांनी पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कुत्रं ऐकतंय, सोनाजी. आपन दोघं कवा ऐकायचं?”

धनी माझ्या शेजारी खाली बसले.

आता मी पुन्हा कळपात आहे. मित्रांनो, आपल्या रागाला झोडपू नका आणि साखळीनंही बांधू नका. बांधलेला कुत्रा काही शिकत नाही. त्याला हाक ओळखायला शिकवा, एवढीच विनंती. हाक आली की मी फिरतोच. ती मारणारा मात्र तेव्हा भानावर हवा.