पट्टीखालचा रकाना

पान फाटलं नाही तिथं कागदाची पट्टी लावू नये, हे दादू बाइंडरनं काशीरामला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शिवण, घडी, कापणी हे सगळं मागाहून आलं. काशीरामनं हा नियम उभ्या जन्मात एकदाच मोडला. माणसं शंभरदा नियम मोडून सुखात मरतात. ह्याला मात्र तो एकदाच मोडणं महागात पडलं.

रत्नागिरीतल्या त्या छापखान्यात त्याची चाळीस वर्षं गेली. सुरुवात बांधणीच्या टेबलावर झाली. पुढं खिळे जुळवायला बसला, म्हणजे शिशाची उलटी अक्षरं एकेक वेचून ओळी बसवायच्या. इतकी उलटी अक्षरं वाचली की सुलटी वाचायला त्याला क्षणभर जास्त लागे. मग छापखाना बंद झाला, खिळे भंगारात वजनावर गेले आणि काशीरामकडे उरले ते फक्त शब्द. ते त्यानं नातीला दिले, दुसरं द्यायला होतं काय!

करुणा आठ वर्षांची असल्यापासून वहीत लिहून घ्यायची. पुस्तकाला पाठ असते, तोंड असतं. सोळा पानांची एक घडी म्हणजे फर्मा. फर्मे एकाला एक शिवले की ती जुजबंदी. पुठ्ठ्याला पुस्तक धरून ठेवणारा कोरा कागद म्हणजे अस्तर. आणि सगळ्याच्या मुळाशी खळ, कणकेची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडीनं तोंड लावायला नको. करुणाचा बाप अमरदीप जयगडच्या बंदरावर कंत्राटी कामाला. तो हसायचा. म्हणायचा, ह्या शब्दांवर कोण भाकरी देणार आहे?

आणि करुणाला मुंबईला छपाईच्याच पदवीला प्रवेश मिळाला. अमरदीपचं हसणं थांबलं. पहिल्याच आठवड्यात वर्गात सरांनी पुस्तक शिवण्याच्या पद्धती विचारल्या, तेव्हा ही पोर उठून म्हणाली, जुजबंदी. पोरं हसली, सर हसले नाहीत. त्यांनी तिला फळ्याशी बोलावून ती काढून दाखवायला सांगितली. हे करुणानं फोनवर सांगितलं आणि काशीरामनं वाडीतल्या प्रत्येक ओटीवर जाऊन सांगितलं. दोन ओट्यांवर तर दोनदा.

पण प्रवेश तात्पुरता होता. महिनाअखेरपर्यंत जातपडताळणीचा दाखला दिला नाही, तर जागा जाणार. घर बौद्ध; काशीरामच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावरही बौद्धच. समितीला हवं होतं ते त्याच्या आधीचं, पन्नास सालाच्या अगोदरचं, कुणाच्या तरी नावापुढं जात लिहिलेलं. घरात त्या काळी शाळेत गेलेला एकच माणूस, काशीरामचा बाप धोंडू. गावच्या शाळेत दोन वर्षं, तीही पडवीत बसून. गावची जन्ममृत्यूची वही वाळवीनं कधीच खाल्ली होती. म्हणजे पोरीचं सगळं शिक्षण एका रजिस्टरातल्या एका ओळीवर येऊन टेकलं.

अमरदीप त्या ओळीची नक्कल घेऊन आला. नाव होतं, वय होतं, आणि उजव्या कडेला, जिथं जातीचा रकाना असायचा, तिथं पानाच्या वरपासून खालपर्यंत जाड कागदाची पट्टी चिकटवलेली. शाळेतलं मूळ पान उजेडाला धरलं तर पाठच्या बाजूचे आकडे मध्ये येत. समितीनं अर्ज परत केला: मूळ नोंद दिसत नाही.

त्या संध्याकाळी अमरदीपनं त्या अनोळखी बाइंडरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सात पिढ्या त्याच्याच होत्या, हे त्याला कसं कळावं? काशीराम खाली मान घालून जेवत राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पन्नास वर्षांपूर्वी शाळेची जुनी रजिस्टरं बांधणीला आली, तेव्हा काशीराम बावीस वर्षांचा होता. पानं सुटी करताना बापाचं नाव दिसलं आणि त्याच्यासमोर तो शब्द. मास्तरांनी तो इतरांपेक्षा जरा मोठाच काढला होता, का त्यालाच तसा वाटला, देव जाणे. वाडीनं तो शब्द सोडून अठरा वर्षं झाली होती, आणि इथं कागदावर तो तसाच टिच्चून बसलेला. काशीरामनं इकडंतिकडं पाहिलं. दादू चहाला गेला होता. पानाची कड धड होती, कुठंही फाटलेली नव्हती. त्यानं पट्टी कापली, खळ लावली आणि अख्खा रकानाच झाकला, म्हणजे कुणाला एका ओळीचा संशय यायला नको. घरी जाऊन बापाला सांगितलं. बाप त्या रात्री दोन घास जास्त जेवला. त्या दोन घासांचा काशीरामला पुढं कितीतरी वर्षं अभिमान वाटत आला होता. आता तो अभिमान घशाशी येऊन बसला.

एक आशा होती. दादू म्हणायचा, सरस लावलास तर पानाशी लग्न लागलं. खळ लावलीस तर पाण्यानं सोडवून घेता येतं. काशीरामनं खळ लावली होती. दुसऱ्याच दिवशी त्यानं शाळेच्या मुख्याध्यापिका सावित्रीबाईंना जाऊन विचारलं. पट्टी आपणच लावली होती हे मात्र सांगितलं नाही. जुना बाइंडर आहे, सोडवून देतो, एवढंच म्हणाला. बाई भल्या होत्या. काम आपल्या देखत करायचं आणि नंतर पानावर जे दिसेल ते आपण लिहून देऊ, असं त्या म्हणाल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर काशीराम आणि दोन दिवसांसाठी आलेली करुणा बाईंच्या टेबलाशी बसली. रजिस्टरची शिवण अजून घट्ट होती. करुणानं पाठीवरून बोट फिरवलं आणि कौतुकानं म्हणाली, "कुणाची असंल ती जुजबंदी, पण हात चांगला व्हता."

 पट्टीचं टोक काशीरामनं आधी कोरडंच उचकटून पाहिलं. कागदाचे तंतू सुटायला लागले, म्हणजे ओढली तर पान फाटणार. पाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण पाण्याआधी शाई बघायची, हेही दादूनंच शिकवलेलं. त्यानं ओलं बोट बापाच्या नावावर हलकेच टेकवलं. शाई काळी, कागदात मुरलेली, जागची हलली नाही. मग मागचं पान उलटून पाहिलं. तिथल्या जातीच्या रकान्यातली शाईही तीच, काळीभोर. काशीरामचा जीव भांड्यात पडला. करुणाकडे बघून तो हसलासुद्धा.

टिपकागद ओला करून त्यानं पट्टीवर ठेवला आणि वर हात दाबून धरला. बाहेर मैदानात कुणीतरी सायकल शिकत होतं. बाईंनी चहा मागवला. दहा मिनिटांनी त्यानं पातळ सुरी पट्टीखाली सारली आणि पट्टी अशी अलगद सुटली की दादूनं पाठ थोपटली असती.

पट्टीखालून जांभळं पाणी आलं.

काशीरामला पहिल्यांदा उमजलंच नाही. मग त्यानं पुढचं पान उलटलं. तिथला रकाना जांभळा होता, पुडीच्या शाईचा. पाणी लागलं की विरघळणारी ती शाई. झाकलेल्या पानापासूनच जातीचा रकाना दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या दौतीनं भरला होता. त्यानं मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं नाही. आणि पन्नास वर्षांपूर्वी शाईचा रंग बघायचं भान कुणाला होतं? तेव्हा त्यानं फक्त शब्द पाहिला होता.

पानावर वीस मुलांच्या जाती एका ओघळात एक झाल्या होत्या. जे गावाला कधी जमलं नाही ते वाटीभर पाण्यानं केलं, आणि नेमकं नको तेव्हा केलं.

बाईंनी चष्मा लावून पान जवळ घेतलं, लांब धरलं. करुणानं मोबाइल काढला. तिचं लक्ष पानाकडे नव्हतंच, आजोबांच्या तळहातावरच्या पट्टीकडे होतं. पट्टीच्या आतल्या अंगाला शाई उमटली होती, उलटी, पुसट. करुणानं फोटो काढला, पडद्यावर उलटा फिरवला, मोठा केला. नुसते जांभळे ठिपके वाढले. काशीरामला मात्र फोटोची गरज नव्हती. जन्मभर उलटीच अक्षरं वाचलेल्या डोळ्यांना सातव्या, म्हणजे बापाच्या ओळीत ती तीन अक्षरं स्वच्छ दिसत होती.

"बाई, हिथं हाय," तो म्हणाला. "मला वाचता येतंय."

सावित्रीबाईंनी पट्टीकडे वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "काशीरामदादा, पानावर असेल ते मी लिहून देऊ शकते. पट्टीवर असेल ते नाही." त्यांनाही वाईट वाटत होतं, ते त्यांच्या आवाजात कळलं. पण त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं: पट्टी काढली असता रकाना वाचनीय आढळला नाही. आजवर निदान पट्टीखाली काहीतरी आहे असं म्हणता येत होतं. आता तेही म्हणता येणार नव्हतं.

करुणा पानावर वाकली होती. ओल्या कडेवरून तिनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, काशीरामनं शिकवलं होतं तसं, नखानं नाही, बोटाच्या मऊ भागानं. मग परत एकदा फिरवलं.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "कड कुठंच फाटलेली नाय. मग ही पट्टी लावलीच कशाला?"

काशीराम तिच्याकडे बघत राहिला. ती शिवणीवर बोट ठेवून विचार करत होती, आणि तिला कळायला फार वेळ लागणार नव्हता; त्यानंच तिला सगळं शिकवलं होतं. पट्टी हातात वाळायला लागली होती. वाळता वाळता जांभळा रंग फिका होत चालला होता. हा शब्द त्यानं घरात कधी उच्चारला नव्हता. मुलापुढं नाही, नातीपुढं तर नाहीच.

"महार," त्यानं वाचलं. "तुझ्या पणज्याच्या नावापुढं. तो झाकायला लावली गो. मीच लावली."

बाईंची लेखणी थांबली.  करुणानं आजोबांच्या हातातून ती पट्टी घेतली, टिपकागदाच्या घडीत नीट ठेवली आणि फाइलमध्ये घातली. तिचा काही उपयोग नाही, हे तिघांनाही माहीत होतं. मग तिनं बाईंच्या समोरचा कागद आपल्याकडे वळवला आणि अर्जदाराची सही कुठं करायची ते विचारलं.