मागून घातलेला घाव

बस आगाराच्या मागच्या आवारात गाड्या धुवायला नवी जागा करायची म्हणून खणायला घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी जेसीबीच्या दातांत एक दगडी फरशी अडकली. चालकाने ती उचलली तर खाली दोन सांगाडे. एक कुशीवर, दुसरा त्याच्या अंगावर तिरका पडलेला. चालकाने यंत्र बंद केलं आणि लांब जाऊन बसला. नंतर कोणी विचारलं तर एवढंच म्हणाला, "खालच्याला तोंडच नव्हतं."

पुरातत्त्व खात्याने हाडवालीला बोलावलं. हे नाव तिला पोलिसांनी दिलेलं. सरकारी इस्पितळाच्या शवागारात ती एकोणीस वर्षं हाडं वाचत होती: कोण पडून मेलं, कोणाला पाडलं. तिचा बाप खाटीक. सांधा कुठे सुटतो हे कॉलेजात शिकायच्या आधीच ती बापाच्या ओंडक्याशी उभी राहून शिकली होती.

आगारातलं टायरांचं गोदाम रिकामं करून तिथे टेबलं मांडली. महिन्याभरात तपासण्या आल्या. हाडं सातशे वर्षांपूर्वीची. खालच्या माणसाची डावी मांडी उजवीपेक्षा दोन बोटं आखूड, आणि बोटात राजमुद्रेची अंगठी. शंका घ्यायला जागाच नव्हती. हा लंगडा राजा.

त्या शहरात लंगडा राजा कसा मेला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लढाई हरल्यावर तो नदीवर आला, नावाड्यांनी त्याला नावेत घेतलं आणि शत्रूला फितूर होऊन मधल्या धारेत बुडवलं. गोष्ट जुनी, पण तिचे चटके ताजे होते. कोणी दगा दिला की म्हणत, 'शेवटी नावाडीच निघालास.' नदीकाठच्या नावाड्यांच्या वस्तीतल्या माणसाला शहरात कोणी भाड्याने खोली देत नसे. चाळीस वर्षांपूर्वी राजाच्या स्मृतिदिनी ती वस्ती पेटवली होती. सतरा माणसं गेली.

गोदामाचा पहारेकरी त्याच वस्तीतला होता. एकदा तो दारातूनच म्हणाला, "डॉक्टरीणबाई, एक विचारू? बुडाला होता का हो तो?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय. माझ्या मुलीच्या बाकावर शाळेत कोणी बसत नाही. ती रोज विचारते, आपण खरंच मारलं का. मी म्हणतो, माहीत नाही. बापाने पोरीला असं सांगायचं म्हणजे..."

हाडवालीने घाव मोजले. राजाच्या अंगावर अकरा. पहिला गुडघ्याच्या मागे, खाली पाडायला. मग मानेवर. बाकीचे तोंडावर, आणि ते माणूस पडल्यानंतरचे. मनगटं पाठीमागे एकावर एक, आणि हातांवर साधा ओरखडा नाही. त्याने हात वर केलेच नव्हते. ते बांधलेले होते. कापलेल्या हाडात रुंद, वाकड्या पात्याच्या कुऱ्हाडीची खूण होती. तसल्या कुऱ्हाडी संग्रहालयात टांगलेल्या होत्या, आणि पाटीवर लिहिलं होतं: राजाचे अंगरक्षक.

दुसऱ्या सांगाड्याचे खांदे जाडजूड होते आणि गळपट्टीच्या हाडांना, जिथे स्नायू धरतात तिथे, कंगोरे चढलेले. जन्मभर वल्हं ओढणाऱ्याचे असतात तसे. त्याचा उजवा हात कोपराखाली तुटला होता, डावा तीन ठिकाणी मोडला होता. भाल्याचं एक भोक त्याच्या खांद्याच्या फऱ्यातून आरपार जाऊन खालच्या राजाच्या बरगडीत उतरलं होतं. एकाच खुपसण्यात दोघं.

मानेवरच्या घावाचा कोन मात्र तिला उमगेना. प्लास्टरचा साचा घेऊन ती दुपारी बापाकडे गेली. दुकान बंद होऊन पाच वर्षं झाली होती, तरी म्हातारा दिवसभर त्या पांढऱ्या फरशीच्या खोलीतच बसे. त्याने साच्यावरून अंगठा फिरवला.

"गुडघ्यावर होता हा. मान खाली. मारणारा मागे, जरा डावीकडे. आणि घाई नव्हती त्याला."

"हे कशावरून, बाबा?"

म्हाताऱ्याने साचा तिच्या हातात परत दिला.

"मी घातलाय असा."

"बोकडाला."

"माणसाला."

तिने साचा टेबलावर ठेवला.

"वस्ती जाळली तेव्हा. गल्लीतले हाक मारायला आले. म्हणाले, तुझा सत्तूर घेऊन चल. एक जण घरातून पळत बाहेर आला, ठेचकाळला आणि गुडघ्यावर पडला. मी मागे पोचलो तरी वळून बघितलं नाही त्याने. मी रोज जिथे घालतो तिथे घातला."

"का?"

"राजाला मारलं होतं ना त्यांनी."

खोलीत नळ ठिबकत होता. म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला, "सकाळी तुझ्या वेण्या घातल्या आणि तुला शाळेत सोडलं. मग दुकान उघडलं. तोच सत्तूर."

ती उठून बाहेर पडली. आई लवकर गेली, बापानेच वाढवलं. त्याच्या हातांइतकं ओळखीचं तिला जगात दुसरं काही नव्हतं.

शुक्रवारी राजाच्या स्मारक समितीचे अध्यक्ष गोदामात आले. गोड बोलणारा माणूस.

"बाई, राजा सापडला, तुमचे उपकार. आपण मोठी मिरवणूक काढू. घाव नावाड्यांच्या हातचे, एवढं अहवालात आलं की झालं."

"घाव त्याच्याच अंगरक्षकांच्या कुऱ्हाडीचे आहेत. आणि वरचा माणूस नावाडी असावा. तो राजाला झाकत होता."

"सातशे वर्षांपूर्वीचं कोणाला काय पडलंय?"

"कोणाला पडलं नसतं तर तुम्ही आला नसता."

अध्यक्ष हसले. "मेलेल्यांची बाजू घेण्याच्या नादात कधीकधी जिवंत माणसं मरतात, बाई. सांभाळा."

सोमवारी सकाळी अकराला शंभरेक माणसं आगाराचं फाटक तोडून आत आली. भंगारात पडलेल्या बसच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या त्यांनी उचलल्या. पहारेकऱ्याने हाडवालीला आत ढकललं, दार बाहेरून ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. खिडकीच्या जाळीतून तिला सगळं दिसलं. त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले. पहिल्या पट्टीने डावा हात मोडला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, पण जिवंत माणसातून तिने तो कधी ऐकला नव्हता. तो खाली बसला तरी हात वरच होते. मग लाथा. मग दार.

राजाचा जयजयकार करत ते आत घुसले आणि टेबलं उलटी केली. तिने कवटीवर हात टाकला तसा खांद्यावर फटका बसला, गळपट्टीचं हाड कटकन मोडलं, आणि कवटी जमिनीवर घरंगळली. कवटीवरून बूट गेले.

"अरे, तो राजा आहे," कोणीतरी म्हणालं.

सगळे थांबले. एका तरुणाने पाय उचलून बुटाच्या तळाकडे बघितलं. तळाच्या खाचांत पांढरा भुगा होता. तो भिंतीला पुसायला गेला, मग थबकला; कुठे पुसावा हे त्याला कळेना. मागून पोलिसांची शिट्टी वाजली आणि सगळे पांगले.

इस्पितळात पहारेकऱ्याच्या हातांचे एक्स-रे तिने उजेडाला धरले. डावा तीन ठिकाणी.

पहारेकऱ्याचे ओठ सुजले होते. "अहवाल?"

"शनिवारीच पाठवला. साच्यांसकट."

"मग बरं," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. हात जुळून यायला त्याला वर्ष लागलं. डावा शेवटपर्यंत पुरता वळला नाही.

नऊ जणांना अटक झाली. अध्यक्ष आठवड्यात बाहेर आले आणि अहवाल खोटा असल्याच्या सभा घेऊ लागले. शाळेच्या पुस्तकातलं 'नावाड्यांनी राजाला बुडवलं' हे एक वाक्य बदलायला दोन वर्षं गेली.

पण त्याआधी, गळ्यात हात अडकवलेला असतानाच, एका सकाळी तिच्या दारात बाप उभा होता. पोलीस चौकीत जाऊन आला होता. चौकीतले म्हणाले होते, आजोबा, ना तक्रार, ना नाव, घरी जा.

"वस्तीत जायचंय," तो म्हणाला. "एकट्याने पाय उचलत नाही."

वस्तीतल्या नळापाशी बाया पाणी भरत होत्या. म्हाताऱ्याने उभ्या उभ्या सांगितलं. काही गाळलं नाही. कळशी भरून वाहायला लागली तरी नळ कोणी बंद केला नाही. एका म्हातारीने विचारलं, "कुठल्या घरासमोर?"

त्याने बोट दाखवलं.

"माझा धाकटा दीर," ती म्हणाली. "बहिरा होता. म्हणून वळला नाही."

एका माणसाने पुढे होऊन म्हाताऱ्याच्या तोंडावर मूठ हाणली. तो नळाच्या दगडावर कोसळला, कपाळ फुटलं. हाडवाली धावली, पण बापाने हात करून तिला थांबवलं. दुसरा फटका म्हातारीने अडवला.

"मारून काय करतोस? कागद आण." मग ती खाटकाकडे वळली. "माफी नको मला. लिहून दे. नाहीतर पुढे कोणीतरी म्हणेल, सत्तूर आमच्याच पोराच्या हातात होता."

म्हाताऱ्याचे हात लिहिण्याजोगे नव्हते. हाडवालीने पायरीवर बसून डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'माझ्या हातून एक माणूस मेला' इथे बापाने तिला थांबवलं.

"ते खोड," तो म्हणाला. "लिही, मी मारला."