गोरक्षच्या पेटीतल्या स्प्रिंगा

"हाताला फार जपू नका, बाई. जपलेला हात आळशी होतो," असं नगरच्या डॉक्टरांनी प्लास्टर कापताना बजावलं होतं. विजयमालेनं मान डोलावली आणि ते बोलणं दवाखान्याच्या पायरीवरच सोडून ती एस.टी.त बसली. बैलगाडीवरून पडून सात वर्षांच्या पोरीचं कोपर मोडलेलं. तिला जपायचं नाही तर कुणाला? मग मनकर्णेची वेणी आईनं घालायची, बटणं आईनं लावायची, भाकरीसुद्धा आईनं मोडून द्यायची.

वर्ष फिरलं. पोरीचा डावा हात कायम फ्रॉकच्या खिशात. बोटं काटकुळी, अर्धवट मिटलेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तर हलेचना. बी. ए. झालेल्या विजयमालेला त्या खिशाकडे बघवत नव्हतं.

पौषात कोल्हारच्या यात्रेला सासू, सून आणि नात अशा तिघी निघाल्या. गोडीशेवेची दुकानं मागं टाकली न टाकली तोच मनकर्णा थबकली. लिंबाखाली पोत्यावर बसून एक माणूस बुलबुलतरंग वाजवत होता. उजव्या हातात पातळ पत्ती, ती तारांवर फिरायची. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारख्या कळांवर नाचायची. भोवती ही गर्दी!

विजयमालेचं लक्ष मात्र लेकीच्या खिशाकडे गेलं. खिसा हलत होता. आत बोटं ताल धरत होती!

तिनं वाकून विचारलं, "मनू, हवाय तुला?"

पोरीनं मान डोलावली, ती मानेला हिसका बसेल इतक्या जोरानं.

"केवढ्याला?" विजयमालेनं विचारलंसुद्धा.

"शिकणाऱ्याला चौदा रुपये, ताई," तो म्हणाला. गोरक्ष त्याचं नाव. स्वतःच पेट्या बनवायचा. पोत्यावर सहा नव्या मांडल्या होत्या. आरशाचे तुकडे बसवलेल्या, लालभडक. विजयमालेनं सगळ्यांत चकचकीत पेटी उचलली आणि पिशवीत हात घातला.

"आगं थांब की," सासू कडूबाई म्हणाली. "वाजतीय ती पेटी का वाजवतोय ह्यो बाबा? ह्याच्या हातात सूपसुदिक वाजंल."

लोक हसले. सासूबाईंनी पदर खोचला, एकेक पेटी कानाशी धरली आणि बोटाच्या पेरानं ठोकायला सुरुवात केली.

"आजी, माठ न्हाई त्यो!" कुणीतरी ओरडलं.

"दोन रुपयाचा माठ वाजवून घेती मी. ही तर चौदाची हाय." ठक. "ही बद्द वाजती." ठक. "हिला चीर हाय." विजयमालेची चकचकीत पेटी तर तिनं एका टिचकीत बाजूला सारली. "तुझं कालेज आरशात बघत बसलं व्हय गं?"

"आत्या, लोक बघताहेत," विजयमाला पुटपुटली.

"बघू दे. फुकट शिकत्यात."

पाचवी पेटी मात्र टणकन बोलली. गोरक्ष चाट पडला. "आजी, उन्हानं बाकीच्यांचे सांधे सुटल्यात. एवढीच शाबूत हाय."

"मग बोलला का न्हाईस?"

"कुनी इचारलंच न्हाई!"

आता गर्दीच खो खो हसली आणि विजयमालाही हसली. तिनं ती पेटी लेकीपुढं ठेवली. मनकर्णेनं खिशातून हात काढला, कळेवर बोट ठेवलं, दाबलं. कळ ढिम्म. पुन्हा दाबलं. ओठ दातांखाली धरून दाबलं. कळांखालच्या नव्या कडक स्प्रिंगा त्या बोटांना कशा बधणार? पोरीनं हात पुन्हा खिशात घातला आणि ती गोडीशेवेच्या दुकानाकडे बघायला लागली.

चल बाळा, राहू दे, असं विजयमालेच्या अगदी जिभेवर आलं होतं. वर्षभर ती हेच तर म्हणत होती. जपलेला हात आळशी होतो. ती खाली बसली, तिनं सगळ्यांदेखत लेकीचा हात खिशातून काढला आणि गोरक्षला म्हणाली, "हिचं कोपर मोडलं होतं. पुढं चूक माझी झाली. याहून हलकी कळ आहे का हो तुमच्याकडे?"

गोरक्षनं स्वतःची रंग उडालेली पेटी पोरीपुढं सरकवली.

तिनं बोट ठेवलं. कळ लोण्यासारखी खाली गेली. गोरक्षनं पत्ती फिरवली आणि सूर निघाला. दुसरं बोट, दुसरा सूर. मग करंगळीशेजारचं ते बोट थरथरलं, वाकलं आणि...

"आई! वाजलं! ह्या बोटानं वाजलं!"

विजयमाला भर यात्रेत रडायला लागली. "हीच द्या. मागाल ते देते."

"ही न्हाई देता येत, ताई. हिच्या आवाजावर मानसं थांबत्यात." पण त्यानं पिशवीतून पक्कड काढली. आपल्या पेटीतल्या स्प्रिंगा एकेक काढून त्या नव्या पेटीत बसवल्या. नव्यातल्या आपल्या पेटीत. "बारा वर्सं दाबून दाबून मऊ झाल्यात. घ्या."

"आणि तुम्हाला ह्या कडक?"

"माझ्या बोटांना काय धाड भरलीया?" म्हणत तो हसला. पैसे चौदाच घेतले.

तिघी निघाल्या तेव्हा मागून सूर आला, पण अडखळत. विजयमालेनं वळून पाहिलं. गोरक्ष थांबून डाव्या हाताची सुजलेली पेरं चोळत होता. तिला ते दिसलं. पण लेक उड्या मारत होती, पेटी पिशवीत खणखणत होती. त्या आनंदात ती चालत राहिली.

होळीपर्यंत मनकर्णा आरतीची चाल वाजवायला लागली. एका सकाळी तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली. वाकडी, पण कुणी सोडून पुन्हा घालायची हिंमत केली नाही.

पुढच्या पौषात लिंबाखाली बांगड्यांचं दुकान होतं. विजयमालेनं चौकशी केली, पण गोरक्षचं गाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा मिरजगावच्या बाजारात म्हणा, राजूरच्या म्हणा, रंग उडालेल्या बुलबुलतरंगाभोवती गर्दी दिसली तर विजयमालेचं एवढं काम करा. घटकाभर वाजवणाऱ्यापाशी बसा. डाव्या हाताची बोटं बरी आहेत का, तेवढं बघून या.